पाय सुजले? यकृताचीही चौकशी हवी

घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवायचा, पाच-दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. निरोगी पायावर काही उरत नाही. पायात पाणी साचलं असेल तर तिथे खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. या तपासणीला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, अर्ध्या मिनिटात ती होते. तरीही कितीतरी दवाखान्यांत ती होत नाही. पेशंट बूट-मोजे घालूनच समोर बसतो, ‘पाय जड वाटतात, संध्याकाळी सुजतात’ असं सांगतो आणि अंगदुखीची गोळी घेऊन घरी जातो.

घरात ही सूज बारीकसारीक गोष्टींतून जाणवते. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ रात्रीपर्यंत जात नाही. चपलेचा पट्टा रुतायला लागतो. वर्षानुवर्षं सैल फिरणारी जोडवी निघेनाशी होतात. दिवसभर उभं राहावं लागतं, वय झालं, एसटीने लांबचा प्रवास झाला, अशी कारणं तयार असतात आणि बऱ्याचदा ती खरीही असतात. पण दोन्ही पायांना आलेली, दाबल्यावर खळगा पडणारी आणि आठवडा-दोन आठवडे टिकलेली सूज हा निदानाचा प्रश्न आहे. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत या तिघांची चौकशी केल्याशिवाय तिच्यावर औषध लिहिणं चूक आहे. या तिघांत यकृताकडे लक्ष जातं ते अनेकदा सगळ्यात शेवटी. दारू न पिणाऱ्याच्या बाबतीत तर यकृताचं नाव कुणी काढतही नाही.

यकृत उजव्या बरगड्यांखाली, पाय कुठल्या कुठे. दोघांना जोडतं ते रक्त. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन शरीरात फक्त यकृत बनवतं, निरोगी माणसात रोज साधारण १० ते १५ ग्रॅम. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवण्याचं काम मुख्यतः या प्रथिनाचं. तपासणीच्या कागदावर त्याचा आकडा साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावा लागतो. यकृतात व्रण साचत जाऊन ते कडक आणि गाठाळ झालं, म्हणजे सिऱ्हॉसिस झाला, की हे उत्पादन घटतं आणि पाणी बाहेर झिरपायला लागतं. दिवसभर उभ्या-बसत्या असलेल्या माणसात ते खाली, घोट्याशी साचतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायांवर ते कदाचित दिसणारही नाही. त्याच्या बाबतीत सूज माकडहाडापाशी शोधावी लागते.

अल्ब्युमिन हे अर्धं कारण. आतड्यांकडून येणारं रक्त कडक झालेल्या यकृतातून सहज पुढे सरकत नाही. ते आणणाऱ्या शिरेतला दाब वाढतो आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. मूत्रपिंडांपर्यंत मात्र उलटाच इशारा पोचतो : शरीरात रक्त कमी पडतंय. मग मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि मिठामागे पाणी. यातूनच पोटात पाणी होतं, ज्याला आपण जलोदर म्हणतो, आणि पाय सुजतात. रुग्ण पाणी जास्त पितो म्हणून हे होतं, हा समज चुकीचा आहे. खरा गुंता मिठाचा आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. पायांवरची सूज यकृताच्या आजारात उशिरा येते. सोनोग्राफीत नुसतं फॅटी लिव्हर निघालेल्या माणसाचे पाय त्या चरबीमुळे सुजत नाहीत. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आकडे या उशिराची किंमत सांगतात. सिऱ्हॉसिस आहे पण शरीर अजून सावरून आहे, अशा शंभर रुग्णांपैकी ८० जण पाच वर्षं जगतात. पोटात पाणी होण्यासारखी गुंतागुंत सुरू झाल्यावर हा आकडा ३० वर येतो. म्हणूनच सुजलेल्या पायाचा पेशंट दुखण्याची गोळी देऊन परत पाठवणं हा साधा हलगर्जीपणा राहत नाही. आधीच उशीर झालेल्या माणसाचे उरलेले महिनेही त्यात वाया जातात.

संगीतकार बीथोव्हेनचं शेवटचं आजारपण या साऱ्याचं एक ठळक उदाहरण आहे. १८२६ च्या डिसेंबरात व्हिएन्नात तो अंथरुणाला खिळला. अंग पिवळं पडलं, लघवी कमी झाली, तोवर बेताने सुजलेले पाय एकाएकी प्रचंड सुजले, आणि यकृतात कठीण गाठी हाताला लागत होत्या, असं त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. वाव्रुख यांनी नोंदवून ठेवलं आहे. पोटातलं पाणी चार वेळा काढावं लागलं. २६ मार्च १८२७ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. शवविच्छेदनात यकृत आक्रसून निम्म्यावर आलेलं आणि गाठींनी भरलेलं आढळलं. पुढे २०२३ मध्ये संशोधकांनी त्याच्या जतन केलेल्या केसांतला डीएनए वाचला. यकृताच्या आजाराकडे झुकणारी जनुकं त्यात होती आणि अखेरच्या महिन्यांत हिपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग असल्याचा पुरावाही मिळाला. त्याच्या दारूबद्दल पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं. विषाणू कळायला मात्र १९६ वर्षं लागली. आज तोच विषाणू रक्ताच्या साध्या चाचणीत सापडतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत त्याची लस टोचता येते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बी आणि सी या दोन्ही प्रकारांची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

अर्थात, सूज दिसली की यकृतच बिघडलं असं धरून चालणंही घातक. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल तर आधी मूत्रपिंड पाहावं लागतं. जिना चढताना किंवा उताणं झोपल्यावर दम लागत असेल तर हृदय. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अम्लोडिपिन ही गोळी अनेकांचे घोटे सुजवते. डॉक्टरांनी ती बदलली की सूज उतरते. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू-तापू लागली तर शिरेत गुठळी झालेली असू शकते, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. विदर्भात एका पायाची जुनी, टणक सूज दिसली तर हत्तीरोगाचा विचार करावाच लागतो. यकृताच्या सुजेबरोबर सहसा आणखी काही खुणा असतात : पोटाचा घेर वाढतो, डोळ्यांत पिवळेपणा येतो, भूक मंदावते, थोडं लागलं तरी काळंनिळं होतं आणि दंड-मांड्या वाळतात. इथे वजनकाटा फसवतो. मांस झडत असतं आणि पाणी चढत असतं, त्यामुळे आकडा तोच राहतो आणि घरच्यांना वाटतं, तब्येत टिकून आहे. खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठता येतं का, हे पाहिलं तर मांड्यांची खरी अवस्था कळते. रात्री पोटऱ्यांत गोळे येणं हेही सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत नेहमीचं आहे.

पायांवरून कळणारा आणि वेळेत कळला तर बराचसा आटोक्यात आणता येणारा एक आजार म्हणजे बड-कियारी. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा किंवा तिथूनच वर जाणारी मुख्य महाशीर यात बंद होते. महाशीर बंद झाली की पायांकडून वर येणाऱ्या रक्ताची वाट अडते. मग पाय सुजतात, पायांवरच्या शिरा फुगतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि जखमा होतात, कुशीवर आणि पाठीवरही शिरांचं जाळं उमटतं. रुग्ण अनेकदा तरुण असतो. त्याच्या पायांवर व्हेरिकोज व्हेन्स म्हणून शस्त्रक्रिया झाली तर मूळ अडथळा तसाच राहतो, शिवाय रक्ताने शोधलेली पर्यायी वाट बंद होते. पोटाची डॉप्लर सोनोग्राफी केली तर अडथळा दिसतो आणि पुष्कळ रुग्णांत फुग्याने किंवा स्टेंट घालून तो मोकळा करता येतो. पंचविशीतल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या असतील तर त्याच्या पाठीवरचा शर्ट वर करून पाहणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे.

तळपायांची खाज हीसुद्धा दुर्लक्षित राहणारी खूण. पित्त यकृतातून नीट वाहून गेलं नाही की अंगाला खाज सुटते. अंगावर पुरळ नसतं, तळहात आणि तळपाय जास्त खाजतात, रात्री झोप लागत नाही. मध्यमवयीन बाईला अशी खाज महिनोन् महिने असेल तर मलमं बदलत बसण्यापेक्षा यकृताच्या चाचण्या आधी व्हाव्यात. गरोदरपणात तर ही खाज गंभीरपणे घ्यायला हवी. शेवटच्या तीन महिन्यांत तळपाय खाजणं हे गर्भारपणातल्या पित्तरोधाचं लक्षण असू शकतं. बाळंतपणानंतर आईची खाज थांबते. धोका असतो तो पोटातल्या बाळाला. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार आईच्या रक्तातल्या पित्ताम्लांची पातळी १०० च्या वर गेली की बाळ पोटात दगावण्याचा धोका स्पष्ट वाढतो. ४० च्या खाली असेल तर तो इतर गरोदर स्त्रियांइतकाच राहतो. म्हणजे ही मोजणी करण्यासारखी आहे आणि तिच्यावरून बाळंतपण कधी करायचं ते ठरवता येतं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सुनेला गप्प बसवणाऱ्या घरांपर्यंत ही माहिती आशाताईंनी पोचवायला हवी. ‘तळपाय खाजतात का?’ हा प्रश्न गरोदर मातांच्या प्रत्येक तपासणीत विचारला जावा.

हिपॅटायटिस सी कधी कधी नडग्यांवर दिसतो. लालसर-जांभळे, हाताला किंचित उंच लागणारे आणि दाबल्यावरही न विरणारे ठिपके उठतात, कारण थंडीत साकळणारी प्रथिनं रक्तात तयार होऊन बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतात. पावलांच्या वरच्या बाजूला काळपट, जाड चट्टे आणणारा एक त्वचारोगही या विषाणूशी निगडित आहे. त्याचं पहिलं वर्णन १९९६ मध्ये इजिप्तमधल्या डॉक्टरांनी केलं. विसाव्या शतकात त्या देशात एका परजीवी रोगाविरुद्ध इंजेक्शनची मोहीम राबवताना काचेच्या त्याच त्या सिरिंज वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी लाखो घरांत शिरला. पण इजिप्तने पेशंटच्या पायांवर चट्टे उठेपर्यंत वाट पाहिली नाही. २०१८-१९ मध्ये जवळपास पाच कोटी लोकांची रक्ततपासणी केली आणि ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना मोफत गोळ्या दिल्या. साधारण तीन महिन्यांच्या या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतली एक गोष्ट मात्र सोडून द्यावी. मांडीवर, पोटरीवर दिसणाऱ्या बारीक निळ्या-लाल शिरा म्हणजे यकृत खराब, असं त्यांत बेधडक लिहिलेलं असतं. यकृताच्या आजारात मधे लाल ठिपका आणि भोवती बारीक रेषा अशा खुणा उठतात खऱ्या, पण त्या चेहरा, मान, छाती, दंड अशा कमरेच्या वरच्या भागात.

आता आपल्या उपचारांच्या सवयींकडे पाहू. पाय सुजले, दुखले की डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिलं जातं. मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही देतो. सिऱ्हॉसिसमध्ये आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांना ही औषधं आणखी खाली ओढतात, मीठ साठवायला लावतात, क्वचित मूत्रपिंडं बंदही पाडतात. दुसरी सवय सलाईनची. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असा आग्रह रुग्णच धरतो. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून पाच ग्रॅमच्या आसपास मिठाची मुभा असते. एका बाटलीत ती संपते. तिसरी सवय सूज उतरवायला ‘पाणी काढायची गोळी’ स्वतःच्या मनाने घेण्याची. रक्तातली क्षारांची पातळी न तपासता घेतलेल्या या गोळीने रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. चौथी सवय काढ्यांची. कोविडच्या काळात, २०२० च्या उत्तरार्धात, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी जरूर मिटवावा. पण ज्याचं यकृत आधीच थकलं आहे त्याने डॉक्टरांना न सांगता कोणतंही मूळ, पान किंवा भुकटी पोटात घालू नये, एवढी खबरदारी कुणाच्याही बाजूने उभं राहिलं तरी आवश्यकच आहे.

स्वयंपाकघरातही तेवढीच काळजी हवी. पाच ग्रॅम मीठ म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून भाकरीपर्यंत सगळं आलं. पापड, लोणचं, फरसाण, सुकट आणि ताटात वरून वाढलेलं मीठ आधी बंद व्हायला हवं. सैंधव वापरून सुटका होत नाही, तेही मीठच. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ तर जास्त जोखमीचं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि या रुग्णांना दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळीही पोटॅशियम वाढवते. दुसरीकडे, ‘लिव्हरला जड’ म्हणून डाळ, अंडी, दूध तोडणं चूक आहे. मांस झडलेल्या शरीराला प्रथिनं जास्त लागतात. लांबलचक उपासही या रुग्णाला झेपत नाहीत. झोपण्यापूर्वी थोडं खाल्लं तर रात्रभरात स्नायूंची होणारी झीज कमी होते.

कारण मुळाशी जाऊन शोधलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने स्वतः दाखवून दिलं आहे. एके काळी सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांना एक भयंकर सिऱ्हॉसिस होत असे. पोट फुगायचं, पुढे कावीळ व्हायची, पाय सुजायचे आणि उपचाराविना मूल सहसा हाती लागत नसे. काही घरांत एकामागून एक भावंडं गेली. पुण्यातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर टॅनर यांच्याबरोबर घराघरांतली चूल आणि भांडी तपासली. १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की तान्ह्या बाळाला दिलं जाणारं गाई-म्हशीचं दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं आणि ठेवलं जातं, त्यातून तांबं दुधात उतरतं आणि बाळाच्या यकृतात साठतं. भांडी बदलण्याचा सल्ला पुणे जिल्ह्यात गावोगाव दिला गेला आणि स्टीलची भांडी आल्यावर हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात बुरशी आलेल्या मक्याने ३९७ लोकांची यकृतं बिघडली, कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि १०६ जण दगावले. तिथेही उत्तर रुग्णालयात सापडलं नाही, ते धान्याच्या कणगीत सापडलं.

आजचं मूळ कारण बदललं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांत फॅटी लिव्हर आढळलं. त्यातल्या बहुतेकांना सिऱ्हॉसिस कधीच होणार नाही. पण थोड्यांना होईल, आणि ते थोडे प्रामुख्याने मधुमेही आणि लठ्ठ लोकांतून येतील. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. ‘मी दारूला शिवतही नाही, मग लिव्हर कसं?’ असं म्हणणारे यातच असतात. दारूशी जोडलेल्या लाजेमुळे पिणारा तपासणीला येत नाही आणि न पिणाऱ्याला तपासणी सुचत नाही. दोघांचंही नुकसान होतं.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, हे चांगलंच झालं. पण कागदावरचा निर्णय आरोग्य मंदिरांपर्यंत आणि शहरातल्या आपला दवाखान्यांपर्यंत पोचायला हवा. मधुमेह्याच्या तळव्यांची संवेदना वर्षातून एकदा तपासावी, असा नियम आहेच. त्यासाठी बूट-मोजे उतरवावे लागतात, तेव्हाच सूजही पाहता येते. आणि सूज येण्याच्या कितीतरी वर्षं आधी धोका हेरायला ‘फिब-४’ नावाचं एक सूत्र आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढे चार आकडे त्यात घालायचे. उत्तर १.३ च्या खाली आलं तर पुढच्या तपासणीपर्यंत निश्चिंत राहावं. पासष्टीपुढच्यांसाठी ही मर्यादा २ धरतात. उत्तर २.६७ च्या वर गेलं तर तज्ज्ञाकडे जावं. मधल्यांचं यकृत किती कडक झालं आहे ते फायब्रोस्कॅनने मोजावं.

एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या तीन चाचण्या मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत सक्तीच्या करण्याचा आदेश राज्याच्या आरोग्य विभागाने काढावा. प्रयोगशाळेच्या अहवालावरच फिब-४ चा आकडा छापून यावा, म्हणजे गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला गणित करत बसावं लागणार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात फायब्रोस्कॅनचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस हवा, आणि त्यासाठीची तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हायला हवी.